फोटो खरा की फेरफार केलेला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील वाचकांकडून फोटोंच्या खरेपणाविषयी जे प्रश्न सतत येत राहतात, ते येथे एकत्र केले आहेत. वादळ आले, पूर आला किंवा आंब्याचा हंगाम सुरू झाला की या प्रश्नांना भरती येते. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आणि नंतर अडचणीचे अपवाद, असा क्रम ठेवला आहे. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे लागत असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फोटोत थोडाही बदल केला की तो बनावट ठरतो का?

नाही. मुळात 'अजिबात हात न लागलेला' असा डिजिटल फोटो नसतोच. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा आणि निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने भरले जातात. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या नावे १९७६ साली पेटंट मिळालेली ही मांडणी आजही बहुतेक फोनांत वापरली जाते. त्यावर रात्रीच्या फोटोसाठी अनेक चित्रे एकावर एक रचणे, चेहरा उजळ करणे, मागचा भाग धूसर करणे ही कामे फोन आपणहून करतो.

म्हणून बदल झाला की नाही यापेक्षा त्या बदलामुळे पाहणाऱ्याची घडलेल्या गोष्टीविषयी चुकीची समजूत होते का, हे पाहावे. उजेड वाढवणे किंवा तिरके क्षितिज सरळ करणे यात फसवणूक नाही. 'नॅशनल जिओग्राफिक'ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर फोटो उभ्या चौकटीत बसावा म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले, तेव्हा मात्र जगात नसलेले दृश्य वाचकांपुढे आले आणि त्यावर रास्त टीका झाली. याउलट सभेच्या मंडपातील रिकाम्या खुर्च्यांचा भाग कापून केवळ भरलेल्या रांगा दाखवल्या, तर एकही बिंदू न बदलता फसवणूक होते.

२. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो तपासायला सुरुवात कुठून करावी?

फोटो मोठा करून कडा न्याहाळण्यापासून सुरुवात करू नये. आधी फोटोसोबतचा दावा कागदावर एका वाक्यात लिहावा: काय घडले, कुठे घडले, कधी घडले आणि हे कोण सांगत आहे. 'दापोलीजवळ आज सकाळी समुद्राचे पाणी गावात शिरले' हा दावा तपासता येतो. 'बघा काय परिस्थिती आहे' हा येत नाही, आणि ज्या फोटोसोबत असा मोघम मजकूर असतो तो पुढे पाठवण्याचे कारणही नसते.

त्यानंतर फोटो पाठवणाऱ्याला विचारावे की हा तुम्ही काढला आहे का, नसल्यास कोणाकडून आला. हा प्रश्न विचारायला अनेकांना संकोच वाटतो, पण बहुतेक फोटोंचा निकाल याच प्रश्नाने लागतो. संदेशावर दोन बाणांची खूण असेल, तर तो पाच किंवा अधिक टप्पे ओलांडून आलेला आहे आणि पाठवणाऱ्याला मूळ ठाऊक असण्याची शक्यता फारच कमी आहे. मग शोधयंत्राकडे वळावे (प्रश्न ३), त्यानंतर फोटोतील जागा, हवामान आणि वेळ यांकडे (प्रश्न ४, ७ आणि ८), आणि सर्वांत शेवटी फाइलच्या तांत्रिक तपासणीकडे (प्रश्न १०).

३. फोटोवरून फोटो शोधायचा कसा? आणि काहीच सापडले नाही तर?

गूगल लेन्समध्ये फोटो टाकला की त्याच्यासारखी इतर चित्रे दिसतात. टिनआय या शोधयंत्रात सापडलेली चित्रे जुन्यापासून नव्याकडे लावता येतात आणि तपासणाऱ्याला नेमके हेच हवे असते, कारण आजचा म्हणून फिरणारा फोटो पाच वर्षांपूर्वी कुठे छापलेला दिसला की प्रश्न संपतो. बिंग आणि यांडेक्स यांचे निकाल वेगळे येतात, म्हणून एकावर थांबू नये. पूर्ण फोटोने काही हाती लागले नाही, तर त्यातील एखादे मंदिर, पूल किंवा फलक एवढाच भाग कापून शोधावा. डावे-उजवे उलटवूनही एकदा पाहावे.

पुराच्या पाण्यात रस्त्यावर पोहणाऱ्या शार्कचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. थॉमस पेस्चाक यांनी २००३ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर टिपलेल्या छायाचित्रात लहान होडीमागे येणारा पांढरा शार्क दिसतो. तो शार्क उचलून २०११ च्या आयरीन वादळाच्या वेळी प्वेर्तो रिकोतील रस्त्यावरच्या पाण्यात बसवला गेला आणि त्यानंतर जगातील कितीतरी पुरांच्या नावाने ते चित्र फिरले. शार्कपुरता भाग कापून शोधला तर मूळ छायाचित्र लगेच समोर येते.

काहीच न सापडणे हा खरेपणाचा पुरावा नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की त्या शोधयंत्राने ते चित्र पूर्वी पाहिलेले नाही.

४. फोटो खरा आहे, पण सोबतचा मजकूर खोटा असेल तर तो 'बनावट' म्हणावा का?

आपल्या किनाऱ्यावर फसवणारे जे फोटो फिरतात, त्यांत हा प्रकार सर्वाधिक दिसतो, आणि फाइल तपासणारे कोणतेही यंत्र तो पकडू शकत नाही, कारण फाइलमध्ये फेरफार झालेलाच नसतो. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात आडव्या झालेल्या माड-पोफळींचे फोटो पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाचे म्हणून खपवणे सोपे असते. पडलेल्या माडावर तारीख लिहिलेली नसते. चिपळुणात २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचे पाणी घुसले, त्या वेळचे फोटोही त्यानंतरच्या पावसाळ्यांत 'आत्ताची परिस्थिती' म्हणून सहज पुढे येतात. याचे परिणाम गंभीर असतात. मदतीची होडी चुकीच्या वाडीकडे वळते आणि मुंबईत बसलेल्या चाकरमान्याला गावच्या घराची खोटी धास्ती लागते.

येथे उपयोगी पडते ते स्थानिक ज्ञान. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीची बंदी असते. त्यामुळे 'जुलैच्या मध्यावर मिरकरवाडा बंदरात सुरमईची विक्रमी आवक' असे लिहून ट्रॉलरमधून टोपल्या उतरताना दाखवणारा फोटो तारखेच्या बाबतीत संशयास्पद ठरतो. मात्र बिनयांत्रिक होड्यांना ही बंदी लागू नसल्याने रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीचा, फोटो या कसोटीवर बाद करता येणार नाही. भाताची खाचरे हिरवी आहेत की कापणी झालेली आहे, आंब्याला मोहोर आहे की फळ, कातळसडा, म्हणजे जांभ्या खडकाचे सपाट माळरान, काळा-करडा आहे की गवताने हिरवा झालेला, अंगणात पावसाळी पडव्या बांधलेल्या आहेत का, या गोष्टी तारीख सांगतात. पुलाचे कठडे, एसटी स्थानकाची नवी-जुनी इमारत आणि महामार्गाच्या चौपदरीकरणाचा टप्पा हे तर वर्षदेखील सांगून जातात.

५. फोटोच्या 'डिटेल्स'मध्ये तारीख, वेळ आणि फोनचे नाव दिसते. ती माहिती पक्की धरावी का?

धागा म्हणून धरावी, पुरावा म्हणून नाही. कॅमेरा ही माहिती, जिला एक्झिफ म्हणतात, फाइलमध्ये लिहितो. पण फुकट मिळणाऱ्या साधनांनी ती कोणालाही बदलता येते, आणि फोनचे घड्याळच चुकीचे असेल तर ती कोणी न बदलताही चुकीची असते. 'सॉफ्टवेअर' या रकान्यात एखाद्या संपादन-ॲपचे नाव दिसले, तर फोटो त्या ॲपमधून गेला एवढेच कळते; त्यात उजेड वाढवला की माणूस पुसला, हे कळत नाही.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ही माहिती गळून जाते आणि चित्रही पुन्हा दाबून लहान केले जाते. म्हणून मूळ फाइल हवी असेल तेव्हा ती 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावी. एक गैरसमज येथे दूर करणे गरजेचे आहे: अँड्रॉइड फोनमध्ये 'आयएमजी-२०२१०७२२-डब्ल्यूए०००५' अशा नावाची फाइल असेल, तर त्यातील तारीख फोटो काढल्याची नसते, ती व्हॉट्सॲपने फाइल त्या फोनवर साठवल्याची असते.

६. फोटोवर अक्षांश-रेखांश, नकाशा आणि वेळ छापलेली आहे. मग तो खरा मानायला हरकत नाही ना?

हरकत आहे. घरकुलाचे हप्ते, रस्त्याची कामे आणि नुकसानीचे पंचनामे यांसाठी असे शिक्का असलेले फोटो मागवले जात असल्याने त्यांच्यावर लोकांचा विश्वास बसला आहे. परंतु फोटोच्या तळाशी दिसणारी ती पट्टी म्हणजे चित्रावर काढलेली अक्षरेच आहेत. तशी पट्टी दुसऱ्या फोटोवर चिकटवता येते आणि फोनला खोटे ठिकाण सांगणारी ॲपही उपलब्ध आहेत. पट्टीवरचे अंक नकाशावर टाकून पाहावेत, फाइलच्या आतील स्थानाशी ते जुळतात का हे तपासावे, आणि उपग्रह चित्रात त्या जागी तीच विहीर, तोच गडगा (दगडी कुंपण), तोच वळणाचा रस्ता आहे का हे पाहावे.

७. सावलीवरून फेरफार ओळखता येतो असे ऐकले आहे. ते कसे?

येतो, पण नजरेने नव्हे, पट्टीने. सावल्या एकमेकींना समांतर दिसत नाहीत म्हणून फोटो खोटा ठरवण्याची चूक फार जण करतात. माणसाचा डोळा सावल्यांच्या बाबतीत कच्चा असतो, हे डिजिटल न्यायवैद्यक क्षेत्रातील संशोधक हॅनी फरीद यांनी सातत्याने मांडले आहे. रीत अशी: वस्तूवरचा एक स्पष्ट बिंदू घ्यावा, उदाहरणार्थ डोलकाठीचे टोक, आणि त्याच टोकाची सावली जेथे पडली आहे त्या बिंदूला तो सरळ रेषेने जोडावा. मग कुंपणाच्या खांबाचे टोक आणि त्याची सावली, छपराचा कोपरा आणि त्याची सावली, अशा आणखी रेषा काढून वाढवाव्यात. प्रकाश एकट्या सूर्याचा असेल, तर सर्व रेषा एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत. सूर्य समोर असेल तर तो बिंदू सूर्याच्या जागी येतो. सूर्य पाठीमागे असेल तर छायाचित्रकाराच्या स्वतःच्या डोक्याची सावली जेथे पडेल तेथे, खालच्या बाजूला येतो. आणि सूर्य अगदी बाजूला असेल तर रेषा समांतर राहतात. एखाद्या माणसाची रेषा बाकी सर्वांपासून फटकून जात असेल, तर तो माणूस बाहेरून आणून बसवलेला असण्याची दाट शक्यता आहे. जमीन उंचसखल असली तरी ही रीत चालते, कारण रेषा वस्तूपासून सावलीपर्यंत जाते, जमिनीवरून नव्हे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या हाताशी आणखी एक साधन आहे. आपला समुद्र पश्चिमेला आहे. 'गुहागरच्या समुद्रावर उगवता सूर्य' असे लिहिलेला फोटो एकतर मावळतीचा आहे किंवा दुसऱ्या किनाऱ्याचा. आपल्याकडे सूर्य सह्याद्रीच्या बाजूने वर येतो. अपवाद आहे तो खाडीचा: देवबागसारख्या, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदीचे पात्र असलेल्या चिंचोळ्या पट्टीवर पाण्यावरचा सूर्योदय अगदी खरा असू शकतो. मावळतीची जागाही वर्षभर सरकत असते. रत्नागिरीच्या अक्षांशावर जूनमध्ये सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेकडे बुडतो आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेकडे, त्यामुळे ठराविक जागेवरून किल्ल्याच्या किंवा दीपगृहाच्या कोणत्या बाजूला सूर्य बुडतो यावरून हंगाम ताडता येतो.

दुपारच्या फोटोंचा नियम तर अनेकांना नवा वाटेल. मेच्या पहिल्या पंधरवड्यापासून जुलैअखेर-ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कोकणात भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. उरलेल्या वर्षात ती उत्तरेकडे पडते. जूनच्या भर दुपारचा म्हणून सांगितलेल्या फोटोत सावली उत्तरेकडे लांबलचक पसरलेली दिसली, तर तारीख किंवा वेळ यांपैकी काहीतरी नक्की चुकीचे आहे.

८. भरती-ओहोटीवरून फोटोची वेळ तपासता येते का?

येते, आणि त्यासाठी पंचांग पुरते. कोळी बांधवांचा हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला हाच हिशेब सव्वाअकरा-बाराच्या आसपास भरती दाखवतो, आणि त्या दिवसांतच उधाण असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही.

एका दाव्यावर हे लावून पाहू. 'पौर्णिमेच्या दिवशी दुपारी बारा वाजता' काढलेला म्हणून एक फोटो येतो. त्यात पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, दूरवर उघडी पडली आहे, ओल्या वाळूवर खेकड्यांची बारीक रांगोळी आहे, होड्या कुशीवर कलंडल्या आहेत आणि पाण्याची रेषा मागे सरकलेली आहे. ही उधाणाची ओहोटी आहे, आणि पौर्णिमेला ती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास येते. फोटो उत्तम असेल, पण त्याची वेळ सांगितली तशी नाही.

पुराच्या फोटोंनाही ही कसोटी लागू पडते. चिपळूणच्या पुराच्या दिवशी, २२ जुलै २०२१ ला, आषाढ शुद्ध त्रयोदशी होती, म्हणजे पाऊणपटीने भरती पावणेदहाच्या सुमारास आणि पौर्णिमा जवळ असल्यामुळे उधाणाची. खाडीच्या आत भरती तोंडापेक्षा उशिरा पोहोचते, त्यामुळे हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. अधिक अचूक वेळ हवी असल्यास त्या बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत.

९. नुसत्या डोळ्यांना दिसतील अशा फेरफाराच्या खुणा कोणत्या?

पहिली खूण म्हणजे पुनरावृत्ती. एखादी गोष्ट वाढवायची किंवा झाकायची असेल, तर फोटोतलाच दुसरा भाग उचलून तेथे चिकटवला जातो. २००६ साली बैरूतमधील बॉम्बहल्ल्याच्या फोटोत धूर दाट दाखवण्यासाठी धुराचे तेच लोट पुन्हा पुन्हा ठसवलेले आढळले, तेव्हा रॉयटर्सने त्या छायाचित्रकाराची सर्व, म्हणजे ९२० छायाचित्रे आपल्या संग्रहातून काढून टाकली. २००८ साली इराणच्या क्षेपणास्त्र चाचणीच्या प्रसिद्ध झालेल्या फोटोत चार क्षेपणास्त्रे दिसत होती. त्यांपैकी एक बाकीच्यांच्या तुकड्यांवरून तयार केलेले होते. २००३ साली बसरा येथील दोन फोटो जोडून 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये छापला गेलेला एक फोटो मागील गर्दीत काही माणसे दोनदा दिसल्यामुळे उघडा पडला. म्हणून गर्दी, धूर, ढग, लाटांचा फेस आणि झाडीचे शेंडे यांत जुळी नक्षी शोधावी.

दुसरी खूण म्हणजे मागे राहिलेला अवशेष. पुसणारा वस्तू पुसतो आणि तिची सावली, तिचे पाण्यातले प्रतिबिंब किंवा काचेतली छबी विसरतो. तिसरी खूण वाकलेल्या रेषांची: माणूस बारीक किंवा उंच दाखवताना मागची फरशी, दाराची चौकट किंवा क्षितिज त्याच्याजवळच लवते. यांपैकी कोणतीही एक खूण दिसली की थेट निष्कर्ष काढू नये. पॅनोरमा फोटोत जोडाजवळ माणूस तुटलेला किंवा दोनदा दिसणे हे फोनच्या कामाचे स्वरूप आहे, कोणाची लबाडी नव्हे.

१०. एका संकेतस्थळावर फोटो टाकला तर काही भाग चमकताना दिसला. तो भाग बदललेला आहे का?

बहुधा तुम्ही 'एरर लेव्हल ॲनालिसिस' वापरले आहे, आणि त्याचे उत्तर 'सांगता येत नाही' असे आहे. जेपेग या फोटो साठवण्याच्या पद्धतीत, जिचे मानक १९९२ सालचे आहे, चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून त्यांतील बारकावे कमी केले जातात आणि प्रत्येक वेळी साठवताना थोडी माहिती कायमची जाते. हे साधन फोटो पुन्हा एकदा दाबून आधीच्या आणि नंतरच्या चित्रातील फरक दाखवते. नंतर चिकटवलेला भाग कमी वेळा दाबला गेला असेल तर तो वेगळा चमकतो, हे तत्त्व योग्य आहे. अडचण अशी की अक्षरे, ठळक कडा, माडाच्या झावळ्या आणि खडबडीत जांभा हे मुळातच अधिक चमकतात, आणि निरभ्र आकाश काळेच राहते. अजाण माणसाला त्यात हवे ते दिसते. त्यातून व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो सगळाच पुन्हा दाबला गेलेला असल्याने जुने फरक पुसट होतात.

या साधनाचा निकाल ग्रुपवर टाकून कोणाला खोटारडे ठरवणे अन्यायाचे आहे. ते मूळ फाइलवर आणि इतर पुराव्यांच्या जोडीनेच वापरावे.

११. एआयने तयार केलेला फोटो ओळखण्याची खात्रीची खूण कोणती?

अशी खूण आज नाही. सहा बोटे मोजण्याचा सल्ला जुना झाला. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचा पांढऱ्या फुगीर जाकिटातला, मिडजर्नी या एआय साधनाने बनवलेला फोटो जगभर खरा म्हणून पाहिला गेला आणि त्यानंतर ही साधने पुष्कळ सुधारली आहेत. मराठी फलकांवरच्या तुटक्या मात्रा आणि निरर्थक जोडाक्षरे, घराच्या छपराची कौले मधेच बदलणे, होडीच्या दोऱ्या कुठेच बांधलेल्या नसणे, अशा चुका अजून सापडतात. त्या सापडल्या तर उपयोगी, न सापडल्या तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. 'एआय ओळखणारी' संकेतस्थळे टक्केवारी देतात, पण लहान केलेल्या आणि पुन्हा दाबलेल्या फोटोंवर ती दोन्ही बाजूंनी चुकतात.

अधिक आशादायक वाट उलट दिशेची आहे: खऱ्या फोटोलाच त्याच्या उगमाची नोंद जोडणे. २०२१ मध्ये स्थापन झालेल्या सीटूपीए या गटाने तसे मानक तयार केले आणि लायका कंपनीने २०२३ मध्ये ते कॅमेऱ्यातच बसवले. गूगलचे सिंथआयडी हे त्याच वर्षी आलेले तंत्र गूगलच्या साधनांनी बनवलेल्या चित्रांत न दिसणारी खूण पेरते. मात्र स्क्रीनशॉट घेतला की सीटूपीएची नोंद नाहीशी होते, आणि सिंथआयडीची खूण न सापडणे म्हणजे चित्र खरे असणे असा अर्थ होत नाही.

१२. अविश्वसनीय वाटणारा फोटो खोटाच असतो का?

नाही, आणि कोकणात तर हा नियम फारच धोक्याचा आहे. रस्त्यावरचा शार्क खोटा होता (प्रश्न ३), पण रस्त्यावरची मगर खरी असू शकते: वाशिष्ठीत मगरी आहेत आणि २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावर चालणाऱ्या मगरीचे चित्रण पुढे आले होते. तसेच हिवाळ्यात काही रात्री किनाऱ्यावर निळ्या प्रकाशाने चमकणाऱ्या लाटा दिसतात. नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव पाणी ढवळले की प्रकाश देतो, त्यामुळे हे घडते. डोळ्यांना ती चमक फिकट दिसते, तर कॅमेरा अनेक सेकंद उजेड साठवतो म्हणून फोटोत ती गडद निळी येते. असा फोटो पाहून 'रंग भरलेला आहे' असे म्हणणारा आणि तो पाहून तसाच निळा समुद्र बघायला जाणारा, दोघेही फोटो कसा तयार होतो हे लक्षात घेत नाहीत.

१३. जागेचे किंवा होमस्टेचे फोटो पाहून पैसे भरायचे आहेत. काय पाहावे?

रुंद कोनाच्या भिंगामुळे खोली मोठी आणि समुद्र दूर दिसतो, हे आधी ध्यानात ठेवावे. तो फेरफार नाही. खरी फसवणूक पुसण्यात असते. 'सी-व्ह्यू प्लॉट'च्या फोटोत आकाश स्वच्छ असते, पण कातळावर वरून जाणाऱ्या वीजवाहिनीच्या तारांची बारीक सावली तशीच राहिलेली असते, किंवा खांब उभा असतो आणि त्याला तारच नसते. ड्रोनने उंचावरून काढलेल्या फोटोत दिसणारा समुद्र जमिनीवर उभे राहिल्यावर दिसेलच असे नाही. मालकाला व्हिडिओ कॉल करून गेटपासून पाण्यापर्यंत न थांबता चालत जायला सांगावे. जागेच्या बाबतीत उपग्रह चित्र, मोजणीचा नकाशा आणि स्वतःची भेट यांना फोटो हा पर्याय होऊ शकत नाही.

१४. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट किंवा सातबाऱ्याचा फोटो खरा आहे हे कसे ओळखावे?

फोटो पाहून ओळखण्याचा प्रयत्नच करू नये. हापूसच्या पेट्या गाडीत चढवण्याआधी स्वतःच्या बँक खात्यात रक्कम जमा झालेली पाहावी. सातबारा शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः काढावा आणि डिजिटल स्वाक्षरी असलेल्या उताऱ्याची पडताळणी तेथेच करावी. कागदपत्राच्या फोटोतील अंक बदलणे हे सर्व फेरफारांत सर्वांत सोपे असते आणि त्याची खूण मागे राहतेच असे नाही.

१५. फोटोत डावे-उजवे उलटलेले दिसते. हा फेरफार आहे का?

बहुतेक वेळा नाही. काही फोनांचा पुढचा कॅमेरा आरशासारखी प्रतिमा साठवतो. अक्षरे, नौकेवरचा नोंदणी क्रमांक आणि सदऱ्याच्या गुंड्या यांवरून उलटापालट ओळखता येते. जागा ओळखू नये म्हणून मुद्दाम उलटवलेला फोटो मात्र संशयास्पद असतो.

१६. फोटो पोलिसांत किंवा न्यायालयात द्यायचा असेल तर काय काळजी घ्यावी?

ज्या फोनने फोटो काढला तो फोन आणि त्यातील मूळ फाइल जपून ठेवावी. फाइल संपादित करू नये, कापू नये, तिच्यावर बाण-वर्तुळे काढू नयेत. खुणा करायच्या असतील तर त्या वेगळ्या प्रतीवर कराव्यात. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नमूद करायचे असते. हॅश म्हणजे फाइलमधील सर्व माहितीवरून गणिताने काढलेला अंकाक्षरांचा संच. एक बिंदू बदलला तरी तो पूर्ण बदलतो. असे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याच्या कलम ६५ब संदर्भात अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० साली स्पष्ट केले होते. मूळ फोन उपलब्ध असेल, तर प्रत्येक सेन्सरच्या स्वतःच्या सूक्ष्म दोषांमुळे फोटोत उमटणाऱ्या नक्षीवरून तो फोटो त्याच फोनचा आहे का, हे प्रयोगशाळेतील तज्ज्ञ तपासू शकतात. व्हॉट्सॲपवरच्या प्रतीवर हे काम फार अवघड होते.

१७. घरातल्या मुलीचा चेहरा दुसऱ्या फोटोवर लावून तो फिरवला जात आहे. तो बनावट आहे हे आधी सिद्ध करावे लागेल का?

नाही. ती जबाबदारी मुलीची नाही आणि कुटुंबाचीही नाही. संदेश पुसू नयेत. पाठवणाऱ्याचा क्रमांक, खात्याचा दुवा, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घेऊन राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करावी. महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी त्या पोर्टलवर स्वतंत्र विभाग आहे. पैशांची मागणी होऊन रक्कम गेली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. ज्या समाजमाध्यमावर तो फोटो आहे तेथेही तक्रार नोंदवावी. चेहरा लावून तयार केलेली अशी चित्रे तक्रारीनंतर अल्प मुदतीत हटवण्याचे बंधन माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार त्यांच्यावर आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील अश्लील मजकुराविषयीची कलमे पुढे पाठवणाऱ्यालाही लागू होऊ शकतात, म्हणून 'बघा, हे खोटे आहे' असे सांगण्यासाठीसुद्धा तो फोटो कोणत्याही ग्रुपवर टाकू नये.

१८. मी काढलेला खरा फोटोच लोक 'एआयचा' म्हणून झटकत आहेत. मी काय करू?

हा प्रश्न अलीकडे वाढला आहे. वाळूउपसा, खारफुटीची तोड किंवा खाडीत सोडलेले सांडपाणी यांचे फोटो काढणाऱ्यांना तो विशेष भेडसावतो, कारण ज्याचे पितळ उघडे पडते त्याला 'फोटो बनावट आहे' एवढेच म्हणून मोकळे होता येते. असा फोटो काढताना एकाच फोटोवर थांबू नये. वेगवेगळ्या कोनांतून अनेक फोटो आणि थोडे चित्रण घ्यावे, त्यांत सहज ओळखू येईल अशी कायमची खूण, म्हणजे मंदिराचा कळस, पुलाचा खांब किंवा दीपगृह, येऊ द्यावी आणि शक्य असेल तर सोबतच्या माणसालाही त्याच्या फोनने फोटो काढायला सांगावे. दोन फोनांतील, दोन कोनांतील एकाच क्षणाचे चित्र खोटे ठरवणे फार कठीण असते. मूळ फाइली त्याच दिवशी स्वतःलाच ईमेलने पाठवाव्यात, म्हणजे त्या तारखेला फाइल अस्तित्वात होती याची स्वतंत्र नोंद राहते. त्यानंतर आरोप करणाऱ्याने फोटोत नेमके काय बदललेले आहे ते दाखवावे अशी मागणी करावी, आणि सावलीची रेषा (प्रश्न ७) व त्या दिवशीच्या भरतीची वेळ (प्रश्न ८) आपल्या फोटोशी जुळते हे तक्रार अर्जातच तिथीसह लिहून द्यावे.